वादळ, घर आणि दारातलं झाड : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पावसाळ्याआधीच्या घरदुरुस्तीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत गळतीपेक्षा वादळाचीच विचारणा जास्त आहे. ‘निसर्ग’ चक्रीवादळ येऊन गेल्याला बरीच वर्षं झाली, पण लोकांच्या मनातून ते गेलेलं नाही. मी आयुष्यभर इमारतींच्या दुरुस्तीचं काम केलं, राहते कोथरूडला आणि माहेर श्रीवर्धनचं. त्या वादळात दोन्ही घरं सापडली होती, त्यामुळे ही पत्रं मी जरा जास्तच मन लावून वाचली.

ताई, पुणे समुद्रापासून इतकं लांब, मध्ये अख्खा सह्याद्री उभा. तरी ३ जून २०२० ला आमच्याकडे एवढी पडझड कशी झाली? पुन्हा होईल का? (कर्वेनगर)

लांब म्हणजे किती, ते नकाशावर पट्टी ठेवून बघा. श्रीवर्धन ते पुणे सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. घाटाच्या वळणांमुळे आपल्याला ते अंतर मोठं वाटतं, एवढंच. ‘निसर्ग’ त्या दिवशी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. तिथून ते ईशान्येकडे सरकलं. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर हे तालुके त्याच्या वाटेत आले. तिथे पॉलिहाऊस फाटली, घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. पुणे शहर थोडं बाजूला राहिलं.

चक्रीवादळ जगतं ते समुद्राच्या कोमट पाण्यावर. पाण्याचं तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर असलं की वाफ भरपूर उठते आणि त्या वाफेतून वादळाला जोर मिळतो. जमिनीवर आलं की हा पुरवठा तुटतो, डोंगर, झाडं, घरं वाऱ्याला अडवतात आणि वादळ मोडत जातं. पण मोडायला काही तास लागतात, आणि तेवढ्या तासांत ते आपल्यापर्यंत येऊन पोहोचतं. सह्याद्रीने वारा अडवला हे खरं, पण ढगांना वर ढकलून पाऊस वाढवला हेही तितकंच खरं.

आता पडझडीचं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, वेग निम्मा झाला की दाब पाव. म्हणजे घाट चढून येईपर्यंत वाऱ्याची ताकद खूपच उतरलेली होती. तरीही शहरात इतकी झाडं पडली, याचं कारण शोधायचं तर आभाळाकडे बघू नका, झाडांच्या बुंध्याशी बघा. त्याबद्दल पुढच्या एका उत्तरात सविस्तर लिहिलं आहे, कारण माझ्या मते सगळ्या पत्रांचं मूळ तिथेच आहे.

पुन्हा होईल का? होईल. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ आलं होतं, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातवर गेलं. अरबी समुद्र तापतो आहे, आणि हे दाखवून देणारे बरेचसे शास्त्रज्ञ आपल्याच पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले आहेत. पण एक दिलासा आहे. चक्रीवादळाची खबर आता काही दिवस आधी मिळते. खरी फसगत करतो तो एप्रिल-मेमधला वळीव. दुपारी चारला ऊन असतं आणि साडेचारला फांद्या रस्त्यावर. त्यासाठी हवामान खात्याचे पुढच्या तीन तासांचे इशारे बघायची सवय लावा. विजांसाठी ‘दामिनी’ हे अॅप आहे, तेही पाषाणलाच तयार झालेलं. फोनमध्ये ते असू द्या.

वादळ चालू असताना वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी किलकिली ठेवावी, नाहीतर हवेच्या दाबाने काचा फुटतात, असं आमचे मामंजी सांगतात. खरं का? (बिबवेवाडी)

नाही. मामंजींचा मान राखून सांगते, सगळ्या खिडक्या घट्ट बंद ठेवा. आपली घरं इतकी हवाबंद नसतात की आत-बाहेरच्या दाबाने काच फुटावी. काच फुटते ती उडून आलेल्या वस्तूने. आणि वादळात वाऱ्याची दिशा बदलत जाते. आज्ञाधारकपणे उघडी ठेवलेली खिडकी तासाभराने वाऱ्याच्या तोंडावर येते. वारा आत शिरला की तो छताला आतून वर ढकलतो, वरून तर वाऱ्याची ओढ असतेच. पत्र्याची छपरं अशीच उडतात. ज्यांनी गच्चीवर पत्र्याची शेड घातली आहे त्यांनी दरवर्षी मे महिन्यात तिचे जे-बोल्ट, म्हणजे पत्रा खालच्या लोखंडाला धरणारे आकड्याचे बोल्ट, तपासावेत. वॉशर फुटलेला असतो, भोकाभोवती गंज चढलेला असतो. पत्रा तिथून फाटायला सुरुवात होते आणि मग तो कोणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही. सोलरच्या पाणी तापवायच्या यंत्रांचे पायही बघा. बऱ्याच ठिकाणी ते नुसते विटांवर टेकवलेले असतात.

खिडक्यांचा विषय निघालाच आहे तर सरकत्या खिडक्यांबद्दल लिहिते, कारण ‘निसर्ग’मध्ये फ्लॅटवाल्यांच्या घरात पाणी आलं ते बहुतेक तिथूनच. अॅल्युमिनियमच्या खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूने बारीक खाचा असतात. रुळात पडलेलं पाणी त्यातून बाहेर जावं अशी ती योजना. आमच्या हॉलच्या खिडकीशी मी त्या दुपारी बसून होते. वारा बाहेरून इतका दाबत होता की रुळातलं पाणी बाहेर जायचं सोडून खाचांमधून बुडबुडे काढत उलट आत येत होतं. रूळ भरला, कडेवरून पाणी सोफ्यामागच्या भिंतीवर उतरू लागलं. जुनी सुती लुगडी आणि पंचे पिळाच्या गुंडाळ्या करून रुळात दाबले, भिजले की बादलीत पिळले, पुन्हा दाबले. वारा पडेपर्यंत हेच चाललं. यावर दुसरा तात्पुरता उपाय नाही. पण आधी करण्यासारखं आहे. त्या खाचांत धूळ, रंगाचे पापुद्रे, कबुतरांची पिसं अडकून दगड झालेला असतो. उदबत्तीच्या काडीने त्या मोकळ्या करा. दोन काचांमधली केसाळ पट्टी झिजली असेल तर बदलून घ्या, फारसा खर्च नाही. चौकटीच्या बाहेरच्या फटींना सीलंट लावून घ्या. खाचा मोकळ्या असल्या तर वाऱ्याच्या दोन झोतांमध्ये तरी पाणी बाहेर जातं.

आणि ग्रिलवरच्या कुंड्या. इशारा आला की पहिलं काम त्या आत घ्यायचं. चौथ्या मजल्यावरून पडलेली मातीची कुंडी खालच्या माणसाचा जीव घेऊ शकते. ‘आमची जड आहे, हलत नाही’ हे कृपा करून म्हणू नका.

आमच्या सोसायटीत वीज गेली ती दुसऱ्या दिवशी रात्री आली. मीटर रूममध्ये पाणी होतं. सगळे म्हणत होते मेन स्विच चालू करा, मी चेअरमन म्हणून अडवलं, तर शिव्या खाल्ल्या. मी चूक केली का? (सिंहगड रस्ता)

अजिबात नाही. तुम्ही बहुधा कोणाचा तरी जीव वाचवलात. पाणी लागलेलं पॅनेल बाहेरून कोरडं दिसतं, आत ओल राहते. ते उघडून, सुकवून, परवानाधारक वायरमनने मेगर (विजेची गळती तपासायचं यंत्र) लावून तपासल्याशिवाय चालू करायचं नाही. महावितरणला १९१२ वर तक्रार नोंदवायची आणि तक्रारीचा क्रमांक सोसायटीच्या फळ्यावर लिहायचा, म्हणजे प्रत्येक घरातून वेगळा फोन जात नाही.

ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी एक गोष्ट डोक्यात कोरून ठेवा. चेंजओव्हर स्विच (लाइन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) नसताना जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, तर वीज उलटी लाइनमध्ये जाते. लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेला वायरमन त्याने मरतो. भर पावसात आपल्यासाठी खांबावर चढणाऱ्या माणसाचा हा विचार केलाच पाहिजे.

लिफ्ट इशारा येताच वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचतं आणि खाली राहिलेल्या लिफ्टची विजेची सामग्री जाते. जमिनीखालच्या टाकीत रस्त्यावरचं पाणी शिरलं असेल तर ती पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुवूनच पुन्हा भरा. तोवर प्यायचं पाणी उकळून. फ्रिज न उघडता ठेवला तर चारेक तास थंडावा राहतो. त्यापुढे दूध, मांस-मासे, शिजवलेलं अन्न याचा मोह नको. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालला असाल आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोचा, म्हणजे अशा घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशय वेळेवर आला तर उपचार सोपे आहेत.

शेजारच्या बंगल्यातला गुलमोहर आमच्या गाडीवर आणि कंपाउंडवर पडला. शेजारी म्हणतात, देवाची करणी. आम्ही काय करायचं? (सहकारनगर)

गाडीचं आधी. तुमचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर काही मिळणार नाही. सर्वसमावेशक असेल तर वादळ आणि झाड पडणं त्यात येतं. फांदी हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, विमा कंपनीला लगेच कळवा, सर्वेक्षक बघून जाईपर्यंत गॅरेजला काम सुरू करायला सांगू नका. गाडीत पाणी शिरलं असेल तर स्टार्टर मारायचा नाही. पाणी इंजिनात ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर कंपनी त्याचे पैसे सहसा देत नाही. घराच्या विम्याबद्दलही सांगते, कारण तो फारच थोडे लोक घेतात. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे मिळते. त्यात वादळ आणि पूर दोन्ही धरलेले आहेत.

झाड रस्ता अडवून किंवा विजेच्या तारांवर पडलं असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर फोन. तारांना टेकलेल्या झाडाला स्वतः हात लावायचा नाही. पडलेलं झाड उचलणं वेगळं आणि उभं झाड तोडणं वेगळं. उभ्या झाडाला, ते तुमच्या आवारात असलं तरी, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने परवानगी लागते. धोकादायक फांद्या छाटायच्या असतील तर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा, फोटो जोडा, पोच घ्या.

आता ‘देवाची करणी’. निरोगी झाड वादळात पडलं तर तसं म्हणता येईल. पण झाड पोकळ झालंय, झुकलंय हे कोणी लेखी कळवलेलं असताना मालकाने काही केलं नसेल, तर त्याला जबाबदारी टाळणं जड जातं. म्हणून पुढच्या वेळी तोंडी न सांगता पत्र द्या. भांडण होऊ नये यासाठीच द्या.

आणि त्या पडलेल्या गुलमोहराच्या मुळांचा फोटो तुम्ही पाठवलात, त्याबद्दल मनापासून आभार. मी तो मोठा करून बघितला. एका बाजूची मुळं जाड आहेत, लांबवर गेलेली आहेत. रस्त्याच्या बाजूची मुळं सरळ रेषेत कापलेली आहेत, करवतीने कापावीत तशी. तिथे कधीतरी केबलसाठी किंवा गटारासाठी चर खणला गेला असणार. कापलेली टोकं काळी पडून कुजली आहेत, म्हणजे ही जखम जुनी आहे. बुंध्याभोवती पेव्हिंग ब्लॉक अगदी सालीपर्यंत बसवलेले दिसतात. त्यामुळे वरची माती दगडासारखी झाली, पाणी आत जाईना, नवी मुळं फुटेनात. झाड वरून हिरवंगार, फुलांनी लाल, आणि खाली निम्म्या मुळांवर उभं. वारा आला तो नेमका आधार नसलेल्या बाजूने.

पुण्यात मी वादळानंतर जितकी उन्मळलेली झाडं जवळ जाऊन बघितली, त्यांतली बहुतेक अशीच होती. गुलमोहर, सोनमोहर ठिसूळ आणि उथळ मुळांचे, हे खरं. त्यांच्या फांद्या मोडणारच. पण मुळासकट आडवं होणं हा बहुतेक वेळा माणसाने केलेला घात असतो. प्रभात रस्त्यावरचे किंवा विद्यापीठाच्या आवारातले जुने वड किती वादळं बघून उभे आहेत. त्यांच्याभोवती माती आहे. याचा मला खरोखर राग येतो, कारण झाड पडलं की लगेच ‘धोकादायक झाडं काढून टाका’ अशी ओरड होते आणि ज्याने चर खणला त्याला कोणी विचारत नाही. तुमच्या गल्लीत खोदाई सुरू झाली की घराबाहेर या. झाडाच्या बुंध्यापासून निदान दीड-दोन मीटर लांबून चर न्या, असं मुकादमाला सांगा. सांगितलं तर ऐकतात, माझा अनुभव आहे.

माझी आठ वर्षांची नात वारा सुटला की कानावर हात ठेवून पलंगाखाली जाते. आम्ही आंबिल ओढ्याजवळ राहतो. तिची समजूत कशी घालू? (पद्मावती)

आजी, आधी तुमच्या भीतीबद्दल बोलू या, कारण ती खरी आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते तुम्ही बघितलं आहे. ते चक्रीवादळ नव्हतं, कात्रजच्या डोंगरावर काही तासांत पडलेल्या मुसळधार पावसाचं पाणी होतं. कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याला जागा कमी कमी होत गेली आहे, त्यामुळे पाणी चढतं ते मिनिटांत. तुमच्या घरी एक नियम हवा: रात्री पाऊस थांबत नसेल तर ओढ्याकडे बघायला कोणी जायचं नाही आणि गाडी काढायला तर मुळीच नाही. वरच्या मजल्यावरच्या कोणाकडे जायचं ते आजच ठरवून, त्यांना विचारून ठेवा.

नातीला ‘घाबरायचं नाही’ असं म्हणू नका. तिने जे बघितलं ते घाबरण्यासारखंच होतं. तिला काम द्या. एक पिशवी तिच्या ताब्यात: टॉर्च, शिट्टी, आधार कार्डांच्या प्रती प्लास्टिकमध्ये, आजीच्या गोळ्या, बिस्किटाचा पुडा. वारा सुटला की पिशवी आणणं ही तिची जबाबदारी. हात कामात गुंतले की मुलांचं मन शांत होतं. झोप उडणं, शाळेला नको म्हणणं असं बरेच आठवडे चाललं, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

आमच्या काकांची दिवेआगरला सुपारीची वाडी होती. ‘निसर्ग’मध्ये सगळी आडवी झाली. आम्ही पुण्यातून पैसे पाठवतो, पण काका वाडीत पाऊलच टाकत नाहीत. पुढे काय करावं? (औंध)

तुमचं पत्र मी भावाला फोनवर वाचून दाखवलं. आमची वाडी श्रीवर्धनला, तीही तशीच गेली. सुपारीचं झाड बारीक आणि उंच, एकमेकांच्या आधाराने वाऱ्यात झुलणारं. पण माडाचं एक खोड मोडून पडलं की ते आठ-दहा सुपाऱ्या घेऊन खाली येतं. सुपारीवर चढवलेला मिऱ्याचा वेल जातो, सावलीतली जायफळं उन्हात येऊन करपतात. विहिरीत झावळ्या आणि कौलं. वाडीत शिरायला वाट नव्हती. भाऊ कित्येक दिवस नुसता पडवीत बसून असायचा. नवी सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. साठी उलटलेल्या माणसाला हा हिशेब करायला लावणंच क्रूर आहे. आणि तेव्हा मदत हेक्टरावर मोजली जात होती, तर तिथल्या वाड्या गुंठ्यांच्या. पंचनाम्यात झाडं मोजून घेतली पाहिजेत, हा आग्रह तिथल्या बागायतदारांनी धरला तो अगदी रास्त होता.

पैसे पाठवत राहा, पण त्याहून जास्त, जा. सुट्टीत चार-पाच जण मिळून जा आणि एक कोपरा साफ करा, अख्खी वाडी नको. आमच्याकडे पुतण्यांनी विहिरीजवळचा तुकडा आधी मोकळा केला आणि तिथे केळी लावल्या. केळ वर्षभरात घड देते आणि सुपारीच्या रोपाला हवी ती सावलीही देते. केळीला पाणी द्यायच्या निमित्ताने भाऊ पुन्हा वाडीत जाऊ लागला. मग त्यानेच रोठा जातीच्या सुपारीची रोपं कुठून आणायची ते सांगितलं. काकांना सल्ला देऊ नका, त्यांना विचारा: इथे काय लावू? त्यांना जे माहीत आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि ते त्यांच्यासोबत जाऊ द्यायचं नसेल तर हीच वेळ आहे.

पडलेल्या झाडाच्या जागी आता कोणतं झाड लावावं? सोसायटीत मतभेद आहेत, काहींना शोभेचे पाम हवेत. (कोथरूड)

तामण, बहावा, करंज, जागा मोठी असेल तर कडुलिंब. तामण आपल्या राज्याचं फूल आहे, उंची बेताची, मे महिन्यात जांभळा बहर. जुनं खोड मुळासकट काढा, कुजक्या मुळांत नवं रोप बसवू नका. खड्डा मे महिन्यात तीन फूट लांब-रुंद-खोल खणून उन्हात तापू द्या, शेणखत आणि माती भरा, दोन चांगले पाऊस झाले की रोप लावा. भोवती निदान तीन-तीन फूट माती उघडी ठेवायचा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्या, म्हणजे पुढच्या कमिटीला तिथे ब्लॉक बसवता येणार नाहीत. आधाराची काठी सैल बांधा, खोडाला थोडं हलू द्या, हलण्यानेच मुळं धरतात. दोन पावसाळ्यांनी काठी काढा. लोखंडी जाळीही खोड तिला टेकायच्या आत काढून टाका, नाहीतर ती सालीत रुतते.